दुकानात माल कमी भरतोय: चोर कसा ओळखायचा आणि सापडला तर काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात साडेतीन हजार चौरस फुटांचं किराणा सुपरमार्केट, ३ बिलिंग काउंटर, १४ कर्मचारी, एजन्सीचा १ गार्ड, १६ कॅमेरे. महिन्याची विक्री ४५ लाखांच्या आसपास आणि स्टॉक मोजला की दर महिन्याला ६०-७० हजारांचा माल कमी भरतो. चोर रंगेहाथ कसा पकडायचा, पकडल्यावर दंड घ्यावा का, कामावरच्या मुलामुलींची झडती घेता येते का, आणि तूट सगळ्यांच्या पगारातून वळती करावी का, असं तुम्ही विचारलंय.

छोटी उत्तरं आधी देतो. दंड घेऊ नका. तूट सरसकट पगारातून कापू नका. झडती घ्यायची तर संमतीने आणि सगळ्यांची घ्या, नाहीतर कोणाचीच नको. कारणं पुढे येतील. पण चोर पकडण्याबद्दल बोलायच्या आधी एक अडचण सांगायला हवी. तुमच्याकडे ६०-७० हजार हा आकडा आहे, पण त्यात कोणत्या वस्तूचे किती नग आणि दिवसाच्या कोणत्या वेळेत गेले हे तुम्हाला माहीत नाही. ते कळत नाही तोवर दुसरा गार्ड ठेवला किंवा कॅमेरे ३२ केले तरी नेमकं कुठे बघायचं हे कोणालाच कळणार नाही.

मी सांगतोय ते किराणा, कॉस्मेटिक, घरगुती वस्तू अशा सेल्फ-सर्व्हिस दुकानाला धरून आहे. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूममध्ये किती नग आत गेले आणि किती बाहेर आले यावर सगळं चालतं. सराफाचं गणित तर अगदीच वेगळं. माणसं किती, मालक स्वतः किती तास दुकानात बसतो, गोदाम त्याच इमारतीत आहे की बाहेर, यावरही बरंच अवलंबून आहे.

तुमची तूट विक्रीच्या साधारण दीड टक्का होते. ऐकायला कमी वाटेल, पण किराण्यात १०० रुपयांच्या वस्तूवर १० रुपये सुटत असतील तर गेलेल्या एका नगाचे ९० रुपये भरून काढायला तसेच ९ नग विकावे लागतात. म्हणून हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण हा सगळा आकडा चोरीचा आहे असंही धरू नका. त्यातला काही भाग निव्वळ कागदावरचा असतो आणि तो आधी वेगळा काढला नाही तर विनाकारण माणसांवर संशय जातो.

कागदावरची तूट कशी होते ते पाहा. डिस्ट्रीब्युटरचं एकच बिल दोनदा आवकेत चढलं, की कॉम्प्युटरमध्ये माल आहे आणि रॅकवर नाही. एक्स्पायरीचा माल सेल्समन घेऊन गेला पण परतीची नोंद झाली नाही, तरी तेच. '१२ वर १ मोफत' या योजनेतला तेरावा नग आवकेत घेतलाच नाही, तर उलट माल जास्त दिसतो आणि खरी चोरी झाकली जाते. ५० किलोचं पोतं निवडून, पाखडून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या केल्या की घट येतेच. तिची नोंद पॅकिंगच्या दिवशीच करायला हवी. सगळ्यात जास्त घोळ मात्र काउंटरवरच्या घाईतून होतो. ग्राहकाने एकाच कंपनीच्या, पण वेगवेगळ्या वासाच्या ६ साबणवड्या आणल्या तर कॅशिअर एकीचा बारकोड मारून गुणिले ६ करतो. महिनाअखेर गुलाबाचा साबण ४० नग जास्त आणि चंदनाचा ४० कमी. एका वस्तूची तूट आणि तिच्याच भावंडाची तेवढीच वाढ दिसली, तर तिथे चोर शोधू नका. कॅशिअरला प्रत्येक नग वेगळा स्कॅन करायला लावा. तूट काढताना हिशोब एकाच भावाने झालाय का हेही तपासा. विक्री एमआरपीने आणि साठा खरेदीच्या भावाने धरला तर आकडा फसवा निघतो.

आता मोजणीचं. सगळं दुकान रोज मोजणं शक्य नाही, गरजही नाही. २५ वस्तू निवडा, ज्या लहान, महाग, खिशात किंवा पर्समध्ये मावणाऱ्या आणि बाहेर सहज विकल्या जाणाऱ्या आहेत: इन्स्टंट कॉफीच्या बाटल्या, रेझरची पाती, डिओ, काजळ-लिपस्टिक, काजू-बदामाची पाकिटं, वेलची, तुपाची अर्ध्या लिटरची बरणी, लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे, महागडी चॉकलेटं. या २५ वस्तू दिवसातून तीनदा मोजायच्या: दुकान उघडल्यावर, दुपारी, आणि बंद करताना. मोजणाऱ्याला कॉम्प्युटरमधला आकडा दाखवायचा नाही. एका मोजणीला २० मिनिटं पुरतात.

एक उदाहरण घ्या. सकाळी कॉफीच्या २४ बाटल्या, रात्री १९, बिलं ३ बाटल्यांची. म्हणजे दिवसात २ गेल्या. दुपारच्या आकड्यावरून कळतं की त्या दुपारच्या मोजणीआधी गेल्या की नंतर. आठवडाभर हेच केलं की वेळ समोर येते. रात्री १९ मोजल्या आणि सकाळी १७ निघाल्या, तर त्या वेळेत दुकानात ग्राहक नव्हताच. चावी असणारे, झाडलोट करणारे आणि रात्री माल लावणारे एवढीच माणसं उरतात. जेवणाच्या सुट्टीत माल जात असेल, तर त्या तासाला फ्लोअरवर कोण असतं ते बघा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या संध्याकाळच्या गर्दीत जात असेल, तर बहुधा ग्राहक. सोळा कॅमेऱ्यांचं महिनाभराचं फुटेज कोणी बसून बघू शकत नाही. एका रॅकचं तीन तासांचं फुटेज वाढवलेल्या वेगात अर्ध्या तासात बघून होतं. कॅमेऱ्याचा उपयोग तिथून सुरू होतो.

ग्राहकाकडून होणारी चोरी कपड्यांवरून, भाषेवरून किंवा माणूस गरीब दिसतो की श्रीमंत यावरून ओळखता येत नाही. गार्डला तसं शिकवलंत तर तो गरीब दिसणाऱ्याच्या मागे फिरेल आणि खरा चोर त्याच्या पाठीमागून जाईल. बघायचे ते हात आणि नजर. कॉस्मेटिकच्या रॅकपाशी उभ्या असलेल्या दोन माणसांची कल्पना करा. विकत घेणारी व्यक्ती डबी उलटी करून किंमत वाचते, दुसरीशी ताडून बघते, परत ठेवते. नजर वस्तूवर असते. चोरणाऱ्याची नजर वस्तूवर क्षणभर आणि मग रांगेच्या दोन्ही टोकांवर, छतावरच्या कॅमेऱ्यावर, सेल्सगर्लवर. किंमत न बघता एकाच जातीचे ३-४ नग बास्केटमध्ये पडतात. बास्केट घेऊन ती व्यक्ती काउंटरकडे न जाता झाडू-बादल्यांच्या आडोशाला जाते आणि बाहेर येते तेव्हा बास्केटमध्ये एकच नग असतो. दोघं मिळून आले असतील तर एक जण सेल्समनला उंचावरच्या रॅकवरचा डबा काढायला लावतो. बघायचं असतं ते त्या वेळी दुसरा काय करतोय ते.

याशिवाय काही युक्त्या काउंटरवरूनच बाहेर जातात. कुकरच्या किंवा मिक्सरच्या खोक्यात काजूची पाकिटं भरलेली असतात, म्हणून सील तुटलेलं प्रत्येक खोकं काउंटरवर उघडायचं. सुट्या मालात आधी २०० ग्रॅम बदाम तोलून लेबल घेतात आणि मग पिशवीत आणखी टाकतात. तोलून झालेली पिशवी तोलणाऱ्यानेच सील करायची आणि कॅशिअरने हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा. स्वस्त वस्तूचं स्टिकर महाग वस्तूवर चिकटवतात. त्यासाठी कॅशिअरने स्क्रीनवरचं नाव आणि हातातली वस्तू जुळते का हे बघायची सवय हवी. आणखी एक जुना प्रकार: बिल करून माल गाडीत ठेवायचा, तेच बिल घेऊन परत आत यायचं, तोच माल पुन्हा उचलून दारावर बिल दाखवायचं. दारावर बिलाला पंच मारायचा किंवा तारखेचा शिक्का मारायचा तो यासाठी. गार्ड न बघता शिक्का मारत असेल तर तो नसल्यासारखाच आहे. बिलाच्या तळाशी एकूण नग छापलेले असतात. गार्डने पिशवीतले नग साधारण मोजायचे आणि बिलातल्या सगळ्यात महाग दोन ओळी पिशवीत जुळतात का ते बघायचं. १५ सेकंद लागतात. ग्राहकाने पिशवी दाखवायला नकार दिला तर हिसकायची नाही, हात घालायचा नाही.

हे सगळं करूनही सगळ्यात जास्त चोऱ्या थांबतात त्या एका साध्या गोष्टीने: फ्लोअरवरचं माणूस जवळ जाऊन "काय शोधताय ताई, काढून देऊ का?" असं विचारतं त्याने. चोराला कोणाच्या नजरेत यायचं नसतं, आणि खऱ्या ग्राहकाला मदत मिळते. रॅकवर महाग वस्तूचे ४-५ नगच लावा, बाकीचे काउंटरमागे. चोरीविरोधी लेबल (बिल न करता वस्तू नेली की दारातलं गेट ज्याने वाजतं ते) लावणार असाल तर एक लक्षात घ्या. ८.२ मेगाहर्ट्झची कागदी लेबलं पत्र्याच्या डब्यावर किंवा चांदीच्या वर्खासारख्या पाकिटावर नीट काम करत नाहीत. लेबल लावलं, गेट वाजलं नाही आणि माल गेला, याचं कारण हे असू शकतं.

आता पकडण्याबद्दल. सेल्फ-सर्व्हिस दुकानात वस्तू उचलायला आणि बास्केटमध्ये ठेवायला तुम्हीच परवानगी दिलेली असते. खिशात टाकली तरी "काउंटरवर काढणार होतो" असं कोणीही म्हणू शकतो आणि ते खोटं आहे हे तुम्हाला दाखवता येत नाही. म्हणून अडवण्याआधी पाच गोष्टी पुऱ्या झालेल्या हव्यात. वस्तू रॅकवरून उचलताना पाहिली. ती लपवताना पाहिली. त्यानंतर नजर किंवा कॅमेरा त्या माणसावरून एकदाही सुटला नाही. शेवटचा काउंटर पैसे न देता ओलांडला. आणि माणूस दारापर्यंत किंवा दाराबाहेर पोचला. तिसऱ्या अटीत सगळे चुकतात. गार्ड २० सेकंद दुसरीकडे बघतो, तेवढ्यात संशय आलेला माणूस वस्तू बिस्किटांच्या मागे टाकून देतो. मग दाराबाहेर अडवलेल्या माणसाच्या पिशवीत काहीच निघत नाही आणि चार लोकांसमोर एका निरपराध माणसाची बेअब्रू होते. नजर सुटली की सोडून द्या. चेहरा लक्षात ठेवा, पुढच्या वेळी जवळ जाऊन मदत विचारा.

अडवायचं तर दोघांनी, त्यात एक बाई असलीच पाहिजे. पाठीमागून हात टाकायचा नाही, बाजूने समोर यायचं. 'चोर', 'चोरी' हे शब्द तोंडातून येऊ द्यायचे नाहीत. "दादा, एका वस्तूचं बिल राहिलंय असं दिसतंय, जरा आत येता का?" एवढंच पुरे. बऱ्याच वेळा माणूस आपणहून वस्तू काढून देतो. बसवायचं ते कॅमेऱ्यासमोर, दार उघडं ठेवून. गोदामात नेऊन कडी लावायची नाही. खिसे, पर्स, अंग तपासायचं नाही. वस्तू त्यालाच काढायला सांगायची. तो पळाला तर रस्त्यावर पाठलाग करायचा नाही. रहदारीत कोणी गाडीखाली आलं तर ४०० रुपयांच्या डिओपायी आयुष्यभराचा घोर लागेल. हत्यार दिसलं किंवा टोळी असली तर बाजूला व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा.

कायदा इथे नीट समजून घ्या, कारण गार्ड आणि मालक दोघंही इथेच अडचणीत येतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीची शिक्षा कलम ३०३(२) मध्ये आहे. माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, दोष पहिल्यांदाच सिद्ध होत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे, आणि अशी चोरी अदखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत अशी) व जामीनपात्र (जामीन हक्काने मिळतो अशी) धरली जाते. दुसरीकडे, खासगी माणसाला दुसऱ्याला पकडण्याचा जो अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ४० मध्ये आहे, तो आपल्यासमोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरता आहे; आणि तेव्हाही विनाविलंब, जास्तीत जास्त ६ तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. इमारतीत साठवलेल्या मालाच्या चोरीचं कलम ३०५ वेगळं आहे. यातलं कोणतं कलम लागतं हे पोलीस ठरवतील. गार्डने दारात उभं राहून ठरवायचं नाही. व्यवहारात याचा अर्थ एवढाच: किरकोळ मालासाठी कोणाला जबरदस्तीने बसवून ठेवू नका. माल परत घ्या, नाव-पत्ता तो देत असेल तर लिहून घ्या, पुन्हा दुकानात येऊ नये असं सांगा आणि जाऊ द्या. मोठा माल, टोळी किंवा तोच माणूस पुन्हा आला असेल तर लगेच पोलीस ठाण्याला फोन करा, दोन तासांनी नाही.

आता दंडाचं. 'चोरी केल्यास किमतीच्या १० पट वसूल केले जातील' अशा पाट्या बऱ्याच दुकानांत दिसतात. तो अधिकार कोणत्याही दुकानदाराला नाही. पोलिसांचा किंवा बदनामीचा धाक घालून पैसे घेतले की तक्रार उलटी तुमच्यावर येते: खंडणीचं कलम ३०८, अडवून किंवा कोंडून ठेवल्याची कलमं १२६ आणि १२७. फोटो काढून दारावर लावणं किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं ही बदनामी ठरू शकते. अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी असेल तर फोटो, नाव काहीही बाहेर जाता कामा नये. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ त्यासाठीच आहे. मुलांच्या बाबतीत आईवडिलांना बोलवा, माल परत घ्या आणि शांतपणे घरी पाठवा. घाबरलेलं पोर काय करून बसेल सांगता येत नाही, एवढं एक कारण पुरेसं आहे.

पोलिसांत जायचं ठरलं तर पुरावा त्याच दिवशी बांधा. माल वेगळ्या पिशवीत घालून सील करा, वर बारकोड, एमआरपी, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. फुटेज दहा सेकंदांचं नको. माणूस आत शिरल्यापासून बाहेर जाईपर्यंत सगळ्या कॅमेऱ्यांचं काढा. डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बऱ्याचदा ५-१० मिनिटं पुढेमागे असतं. मोबाइलवरच्या वेळेशी ताडून फरक कागदावर लिहून ठेवा, नाहीतर बिलाची वेळ आणि फुटेजची वेळ जुळत नाही आणि सगळी फिर्याद ढिली पडते. फुटेज न्यायालयात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलमध्ये नंतर बदल झाला नाही हे ताडायला वापरायची अक्षर-आकड्यांची खूण) येतं. हे काम वकिलाला विचारून करा. तुमच्या डीव्हीआरमध्ये फुटेज किती दिवस टिकतं तेही आजच बघा. डिस्क लहान असेल तर आठवड्याभरातच जुनं पुसलं जातं. आणि डीव्हीआर यूपीएसवर ठेवा. लाइट गेल्यावर दुकान चालू आणि कॅमेरे बंद असं होऊ देऊ नका.

आता कर्मचाऱ्यांकडे वळतो. इथली चोरी खिशात क्वचितच सापडते. ती बिलिंगच्या रिपोर्टमध्ये सापडते. कॅशिअरनिहाय चार आकडे रोज काढा: रद्द केलेली बिलं, बिल चालू असताना उडवलेल्या ओळी, परतावे, आणि विक्रीशिवाय गल्ला किती वेळा उघडला. होल्डवर (अर्धवट थांबवून) ठेवून नंतर पुसलेली बिलं हा पाचवा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पद्धत अशी असते: ग्राहकाचा माल स्कॅन केला, रक्कम सांगितली, रोख घेतली, सुट्टे परत दिले, बिल छापलं नाही, होल्ड केलं. ग्राहक गेला की बिल पुसलं. माल गेला, पैसे गल्ल्यात आले, हिशोबात काहीच नाही. बंद करायच्या आधी तेवढी रक्कम काढून घेतली की गल्ला चोख जुळतो.

म्हणून दिवसाच्या मध्येच न सांगता गल्ला मोजा. सगळे कमी भरलेल्या गल्ल्याकडे बघतात, पण दुपारी ३ वाजता ८०० रुपये जास्त भरलेला गल्ला जास्त विचार करायला लावणारा असतो: ती बिल न झालेली, अजून न काढलेली रोकड असू शकते. काउंटरच्या कोपऱ्यात मुद्दाम वेगळी ठेवलेली नाणी, काड्या, कागदाचे कपटे दिसले तर नीट बघा. किती काढायचे याचा तो हिशोब असू शकतो. रात्री कॅशिअरने रोकड आधी मोजून कागदावर लिहायची, मग सिस्टिमचा आकडा उघडायचा. उलटं केलं तर आकडा बघून गल्ला जुळवला जातो.

एकाच शिफ्टमधल्या तिघांची तुलना करा. दोघांची १०० बिलांमागे १-२ रद्द आणि तिसऱ्याची ९ असतील तर त्या ९ बिलांच्या वेळेचं फुटेज बघा, बाकी काही बघू नका. परतावा नोंदला त्या क्षणी काउंटरसमोर ग्राहक उभा होता का, एवढाच प्रश्न विचारायचा. रात्री ९:४० ला परतावा झालाय आणि समोर कोणीच नाही, तर उत्तर मिळालं. मात्र तो आकडा एकट्याने गुन्हा सिद्ध करत नाही. नवीन मुलगी चुकून चुकीचं स्कॅन करते तेव्हाही रद्द बिलं वाढतात. रद्द करायला सुपरवायझरचा पासवर्ड लागतो अशी सोय करून घ्या, आणि तो पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेला नाही ना तेही बघा.

ओळखीच्या ग्राहकाला माल सोडणं हा दुसरा प्रकार. हातात दोन पाकिटं धरायची, वरच्याचा बारकोड मारायचा, खालचं बोटाने झाकून तसंच पिशवीत सरकवायचं. बीप एक, वस्तू दोन. यासाठी कॅमेरा काउंटरच्या वरून सरळ खाली हवा. हात, स्कॅनर आणि स्क्रीन तिन्ही एका चौकटीत दिसले पाहिजेत. दुकानाच्या कोपऱ्यातून घेतलेलं डोक्यांचं फुटेज इथे काही कामाचं नाही. नातेवाइकांचं बिल दुसऱ्या काउंटरवर करायचं असा नियम ठेवा.

यूपीआयमध्ये दुकानाच्या क्यूआरवर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवलेलं सापडतं. दर सकाळी स्वतःच्या फोनने स्कॅन करून नाव वाचा. रोख घेऊन बिलावर यूपीआय नोंदवणं हाही प्रकार आहे, म्हणून बँकेत जमा झालेली रक्कम आणि बिलिंगमधली यूपीआयची बेरीज रोज जुळवा. महिनाअखेरीला जुळवून काही हाती लागत नाही.

मागच्या दाराकडे बहुतेक मालक बघतच नाहीत. आवक घेणाऱ्याच्या हातात इनव्हॉइस देऊ नका. नुसती वस्तूंची यादी द्या आणि मोजून आकडा त्याला लिहू द्या. आकडा समोर असला की पेट्या न उघडता टिका मारल्या जातात. सही मोजणीनंतर. ब्रेड-दूध-आइस्क्रीमवाले जुना माल परत नेतात तेव्हा त्यांचे क्रेट बघा. जुन्याखाली ताजा जाऊ शकतो. पुठ्ठ्याची खोकी सपाट करूनच बाहेर जातील, कचरा पारदर्शक पिशवीतून आणि मालकाने नेमलेल्या माणसासमोर. डॅमेजचा माल कुलूपबंद पेटीत आणि आठवड्यातून एकदा दोघांसमोर निकाली. पेटीत ताज्या तारखेचा, मुद्दाम फोडलेला माल दिसू लागला तर तो कोण टाकतंय ते बघा.

जाताना तपासणी करायची असेल तर ती नियुक्तिपत्रात आधी लिहिलेली हवी, बायकांची बाईनेच करायची, आणि मॅनेजर व गार्ड धरून सगळ्यांची. गार्डला वगळू नका. एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याचा परवाना आहे का ते मागून बघा, आणि काउंटरशी त्याची फार जवळीक होऊ नये म्हणून दोन-तीन महिन्यांनी माणूस बदलून घ्या. कपडे बदलायच्या जागेत कॅमेरा कधीच नको. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

कर्मचाऱ्यावर पुरावा जमला की आधी कागद तयार ठेवा, मग बोलवा. दोघं असा, बाई असेल तर बाई सोबत, दार उघडं, दुकानाच्या वेळेत. "तूच घेतलेस" असं सुरू करू नका. "ही ९ बिलं रद्द कशी झाली ते सांग" असं विचारा आणि गप्प बसा. धमकी देऊन किंवा सोडून देण्याचं आमिष दाखवून लिहून घेतलेला कबुलीजबाब टिकत नाही. कोऱ्या कागदावर सही, कोरा चेक असलं काही घेऊ नका. लेखी खुलासा मागवा, चौकशी करा, मग निर्णय. फिर्याद द्यायची झाली तर नोकराने केलेल्या चोरीला कलम ३०६ आणि विश्वासघाताला ३१६(४) आहे; दोन्हीत ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून आकडे पक्के असल्याशिवाय जाऊ नका.

सरसकट पगारकपात का नको, तर नुकसान ज्याच्या ताब्यातल्या मालाचं आणि ज्याच्या चुकीने झालं, त्याच्याकडूनच आणि त्याला बाजू मांडू दिल्यावरच वळतं करता येतं. शिवाय १४ जणांचे ५-५ हजार कापले तर प्रामाणिक मुलं पहिल्या महिन्यात काम सोडतात आणि जो घेतो तो कापलेले पैसे आणखी माल काढून वसूल करतो. नवीन माणसं येतात, त्यांना माल ओळखीचा नसतो, आणि तूट वाढते.

ज्याला काढाल त्याचा बिलिंगचा लॉगिन, चावी आणि डिस्ट्रीब्युटरकडे दिलेला मोबाइल नंबर त्याच दिवशी बंद करा. सध्या मात्र कोणालाही काही न बोलता २५ वस्तूंची तीनवेळची मोजणी आणि कॅशिअरनिहाय पाच आकडे एवढंच दोन आठवडे करा. कोणते नग कोणत्या वेळेत गेले ते कळवलंत तर पुढे गार्ड कुठे उभा करायचा आणि कॅमेरा कुठे वळवायचा ते नेमकं सांगता येईल.